तिरकी पट्टी

तिसगावचे मिस्त्री रंधा मारलेल्या प्रत्येक फळीला गाल लावून बघायचे. पांढऱ्या मिशांचा हा माणूस डोळे मिटून फळीवर गाल टेकायचा आणि असा काही खुलायचा की बघणाऱ्यालाच लाजल्यासारखं व्हावं. मी विचारलं, तर म्हणाले, "हाताला घट्टे पडल्यात, त्याला काय कळतंय? उघड्या अंगाला लागनारं लाकूड हाय, गालालाच इचारायचं."

भिंगारच्या आमच्या घरातली बाथरूम नव्याने करायला काढली ती अप्पांसाठी. अप्पा म्हणजे माझे वडील. ते तिथे घसरून पडले आणि तेव्हापासून त्यांना आंघोळ मी घालू लागलो. मी पाणी ओतायचो आणि ते डोळे गच्च मिटून बसायचे. कडक इस्त्रीशिवाय कधी कचेरीत न गेलेला माणूस तो! मुलासमोर असं बसायचं म्हणजे त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मलाही व्हायचं. गुडघे शेकायला टब घेतला, पण धरायला स्टीलचा दांडा लावू म्हटलं की ते उसळायचे, "मी काय पेशंट आहे? घराचा दवाखाना करायचाय का?" मग पाठीला गार फरशी लागते, एवढंच निमित्त करून टबाभोवती सागाच्या फळ्या बसवायचं ठरवलं.

"पाण्यात लाकूड कुजेल की हो," मी म्हटलं.

"मग नावा काय शिमिटाच्या असत्यात व्हय? सागाला पान्याचं भ्या न्हाई, कोंडल्याचं हाय. मागून वारं खेळाय पायजे." आणि खरंच, भिंत आणि फळ्या यांच्यात त्यांनी बोटभर जागा सोडली. पुढून-मागून तीनतीनदा तेल पाजलं.

पण माप घ्यायची त्यांची तऱ्हा काही औरच. टेप बाजूला ठेवून त्यांनी अप्पांनाच कपड्यांसकट कोरड्या टबात बसवलं. "उठा. आता बसा. परत उठा." अप्पा पेपर हातात घेऊन उठबस करतायत आणि मिस्त्री भिंतीवर खडूने खुणा करतायत. दहाव्यांदा अप्पा भडकले, "भिंतीचं माप घेताय का माझं?" मिस्त्री गंभीरपणे म्हणाले, "दोघांचं बी जुळाय पायजे ना अप्पा."

चौथ्या दिवशी फळ्या बसल्या. सगळं कसं देखणं, सुतात. फक्त वरची जाड पट्टी तिरकी! मी कपाळाला हात लावला. मिस्त्रींनी मला बाजूला ओढलं आणि हळूच म्हणाले, "वरडू नका. उठताना त्यांचा हात असाच वर सरकतोय, धरायला व्हईल. बगितलंय मी. त्यांना सांगू नका फक्त."

अप्पा आत गेले. कडी लागली. मी दाराशी घुटमळत होतो, तर मिस्त्रींनी दंडाला धरून मला ओट्यावर बसवलं. "हाक मारायची न्हाई." आत पाणी वाजलं, मग काहीच ऐकू येईना. मी अर्धा उठलो. मग बेसूर आरती सुरू झाली, आणि अर्ध्या तासाने अप्पा भांग पाडून, पावडर लावून बाहेर आले.

"मिस्त्री, काम झकास. ती एक पट्टी तेवढी तिरकी बसवलीत."

"चुकलंच अप्पा. वय झालं आता. लगेच काढून सरळ करतो."

"हात लावाल तर खबरदार!" अप्पा ओरडले.

मिस्त्री मिशीत हसले, हत्यारांची पिशवी उचलून संध्याकाळच्या एसटीने तिसगावला गेले. पुन्हा काही आमची समोरासमोर गाठ पडली नाही. असा माणूस घरात चारच दिवस राहिला, याची मला अजून हळहळ वाटते.

मिस्त्री गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने मी टॉवेल घेऊन अप्पांच्या मागे गेलो. "तू कशाला? जा, तुला उशीर होतोय," म्हणत त्यांनी धाडकन माझ्या तोंडावर दार लावलं. मी तिथूनच मिस्त्रींना फोन लावला आणि आभार मानायला गेलो, तर हुंदकाच बाहेर पडला.

"आत एकलेच हायेत न्हवं?" ते म्हणाले. "मग रडताय कशाला? जावा, च्या घ्या."