स्कायलॅब अजून पडलं नव्हतं

आमच्या घरात पुढं काय झालं हे ज्याला माहीत असेल, त्याला संध्याकाळी सातनंतर तोंड उघडायची परवानगी नाही.

हा नियम माझ्या वडिलांचा. त्यांना सगळं लोहारा गाव 'अण्णा' म्हणतं. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केल्यामुळे साऱ्या जगाला "पुढं सरका" म्हणायची त्यांना सवय आहे. बातम्यांच्या बाबतीत मात्र कुणी पुढं सरकलेलं त्यांना खपत नाही.

खापर फोडायचंच झालं तर ते माझ्या डोक्यावर फुटेल. अण्णांचं बीपी वाढलं म्हणून मी त्यांना उमरग्याच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, "मीठ कमी करा, आणि टीव्हीवरच्या बातम्या पूर्ण बंद." अण्णांनी जरा विचार केला आणि विचारलं, "मीठ पूर्ण बंद केलं तर बातम्या कमी करून चालतील का?"

चालणार नव्हत्या. टीव्ही बंद झाला आणि अण्णा घरातल्या माणसांशी बोलायला लागले! (हा प्रकार आम्हाला नवा होता.) भाकरी कोणत्या बाजूनं आधी भाजावी, दुकानाचं शटर किती वर उचलावं, मी कुठल्या कुशीवर झोपावं, सगळ्यावर मार्गदर्शन सुरू झालं. शेवटी माझी बायको सुनीता म्हणाली, "अवो, काहीतरी करा. न्हायतर मी माहेरी जाते आन् अण्णांना बी संगं घेऊन जाते, तुमच्या सासऱ्यांना बी कळू द्या काय असतंय ते."

तेव्हा मला ती नामी कल्पना सुचली. माझी मुलगी पल्लवी उमरग्याला एका दवाखान्यात नर्स आहे. तिनं मला मोबाईलवर दाखवलं होतं की कुणा हौशी माणसानं रेडिओवरच्या जुन्या बातम्यांची मूळ रेकॉर्डिंगं गोळा करून ठेवलीत. अगदी त्या वेळच्या खरखरीसकट! मी लगेच एक स्पीकर विकत आणला आणि घरात जाहीर केलं, "जुन्या बातम्या ऐकून बीपी वाढूच शकत नाही. जे व्हायचं ते होऊन गेलंय!"

इतकं चुकीचं वाक्य मी त्यानंतर बोललेलो नाही.

अण्णांनी जुन्या बातम्या ताज्या असल्यासारख्या ऐकायला सुरुवात केली. रोज सात वाजता, ओसरीवर, एका संध्याकाळी एकच बातमीपत्र. आज युद्ध सुरू झालं, तर ते जिंकलं की नाही हे कळायला पुढच्या संध्याकाळची वाट बघायची. "अण्णा, पण तुम्हाला माहीत आहे की काय झालं ते!" असं मी एकदा म्हणालो. अण्णा म्हणाले, "मला माहिताय. पर त्या बातम्या सांगणाऱ्याला अजून माहीत न्हाय. त्याच्याम्होरं कसं सांगावं?"

युद्धाच्या बातम्या चालू होत्या तेवढे दिवस 'ब्लॅकआउट' म्हणून त्यांनी ओसरीवरचा बल्ब काढून ठेवला. अंधारात मी उंबऱ्याला ठेचकाळून पडलो. आमच्या बाजूनं जखमी झालेला मी एकटाच.

आणि मग यात तात्या आला. तात्या म्हणजे अण्णांचा बालमित्र. आयुष्य मेंढरामागं गेलं, आता वय झालं म्हणून थोड्या शेळ्या राखतो. तो या बातम्यांचा खरा श्रोता, कारण त्याला त्यातलं काहीच माहीत नव्हतं! या सगळ्या ऐतिहासिक घटना घडत होत्या तेव्हा तात्या रानात होता. माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी त्यानं आमच्या ओसरीवर पहिल्यांदा नीट ऐकली. मग काळजीच्या सुरात म्हणाला, "उतरला ते उतरला. पर चढणार कसा?"

त्या रात्री तात्या जेवला नाही म्हणे.

त्यानंतर अण्णांनी स्कायलॅब लावलं. तरुण वाचकांसाठी सांगतो, ही अमेरिकेची आभाळातली एक अवाढव्य प्रयोगशाळा होती. ती खाली कोसळणार आणि नेमकी कुठं कोसळणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं, म्हणून सगळी दुनिया मान वर करून बसली होती. अण्णांनी ती बातमीपत्रं ओळीनं लावली. रोज संध्याकाळी ते यंत्र थोडं खाली यायचं आणि तात्या ओसरीवर थोडा आत सरकायचा.

एका सकाळी दुकान उघडायला गेलो (माझं बी-बियाणांचं दुकान घराच्या पुढच्या अंगाला आहे), तर दुकानापुढच्या पत्र्याखाली तात्याच्या सगळ्या शेळ्या बांधलेल्या!

"तात्या, हे काय?"

"तुमच्याकडं पत्रा हाय. माझ्या घरावर नुसतं गवत. ते आभाळातलं पडलं म्हंजी?"

"अहो तात्या, ती बातमी लई जुनी आहे!"

"ठावं हाय मला, म्या काय येडा हाय का? म्या रान धरलं तवा लोक म्हणत व्हते, पडणार पडणार. परत आलो तवर सगळे गप. पडलं असं कुणी मला सांगितलं का? न्हाय. मंग ते वरच हाय."

या तर्काला उत्तर होतं, फक्त ते देता येत नव्हतं. मागं अण्णा उभे होते, ओठांवर बोट ठेवून.

शेळ्यांनी पहिल्या दिवशी तुरीच्या वाणाची जाहिरात खाल्ली, दुसऱ्या दिवशी कापसाची. गिऱ्हाईक लांबूनच विचारायचं, "दिगंबरराव, बियाणं हाय का शेळ्यांनी संपवलं?"

एवढं सगळं चालू असताना पल्लवीला बघायला तामलवाडीहून पाव्हणे यायचे ठरले. स्थळ चांगलं होतं. मुलगा सचिन तुळजापूरला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला, त्याचे वडील ज्ञानोबाराव मोठे बागायतदार. पल्लवी आणि सचिन फोनवर बोलले होते, दोघांचं जमण्यासारखं होतं. आता फक्त मोठ्या माणसांनी घाण करू नये, एवढीच अपेक्षा होती.

पाव्हणे सकाळी येणार होते. त्यांची जीप वाटेत बिघडली आणि फोन आला की सांजच्याला पोचतो. आणि ती नेमकी स्कायलॅब पडायची संध्याकाळ!

मी अण्णांना हात जोडले. "अण्णा, आजच्या दिवस राहू द्या. उद्या ऐका."

"आरं, ते आज पडायलंय! उद्या काय ऐकू, मातीचं?"

"मग निदान शेळ्या तरी हलवा."

"आज?" तात्या ओरडला. "आजच्याच दिशी?"

पाव्हणे बरोबर सातला आले. ज्ञानोबाराव, सचिन आणि सचिनची आत्या. सचिन ओसरीकडं निघाला तो मधेच थांबला, एका शेळीचं तोंड उघडून दात बघितले, खूर बघितले आणि म्हणाला, "हिला कागद फार खाऊ देऊ नका." मुलगी बघायला आलेल्या मुलानं आधी शेळी बघितली! तात्या माझ्या कानात म्हणाला, "दिगू, पोरगं सोनं हाय. हातचं सोडू नको."

मी पाव्हण्यांना पोहे दिले. कोपऱ्यात अण्णांनी स्पीकर लावला, आवाज अगदी बारीक. पण ज्ञानोबारावांचे कान तिखट. घास तोंडापाशी थांबवून ते म्हणाले, "अरे वा, स्कायलॅब! हे तर मला चांगलं आठवतंय. ते शेवटी—"

"पोहे घ्या!" मी त्यांच्या ताटलीत मोठा डाव पालथा केला.

"घेतो की. तर काय सांगत होतो, त्याचं शेवटी असं झालं—"

"लाडू घ्या!" शेंगदाण्याचा लाडू मी त्यांच्या ताटलीत न ठेवता थेट तोंडात ठेवला. आत्याबाईंचे डोळे मोठे झाले. सुनीता दारातून मला खुणा करत होती, पण माझं लक्ष तात्याकडं होतं. तो स्पीकरला कान लावून, यंत्र आता डोक्यावरच यायच्या बेतात असल्यासारखा बसला होता.

ज्ञानोबारावांनी लाडू गिळला, पाणी प्यायले आणि जरा तापूनच म्हणाले, "अहो, माणसाला बोलू तरी द्या! सरळ जाऊन पडलं ते सम—"

आणि मी त्यांचं तोंड दाबलं. दोन्ही हातांनी. हाताला पोह्यांचं तेल होतं.



"अगं बया!" आत्याबाई उठून उभ्या राहिल्या. "पोरीच्या बापानं व्याह्याचं थोबाड दाबलं! उठ रं सचिन! आपल्याला असल्या घरची पोरगी न्हाय करायची!"

मी हात काढले. ज्ञानोबारावांच्या गालांवर पिवळी बोटं उमटली होती. मी ती टॉवेलनं पुसायला गेलो, तर ते दचकून मागं सरले. सगळे पायऱ्यांकडं निघाले. माझ्या लेकीचं लग्न माझ्या डोळ्यांदेखत ओसरी उतरून चाललं होतं!

तेवढ्यात तात्या काठी आडवी धरून वाटेत उभा राहिला. "भायेर कुठं चालले पाव्हणं? जीव जड झालाय का? अजून पडलं न्हाय ते!"

"काय पडलं न्हाय?" ज्ञानोबारावांनी विचारलं.

"ते आभाळातलं! आज पडायचंय. पत्र्याखाली बसा गपगुमान."

ज्ञानोबारावांनी तात्याकडं बघितलं, मग अण्णांकडं, मग माझ्याकडं. अण्णा हळूच म्हणाले, "पाव्हणं, ह्या माणसाला खरंच ठावं न्हाय."

"खरंच?"

"खरंच. उभ्या जिंदगीत त्याला कुणी सांगितलं न्हाय. म्हणून आमचं येडं तुमच्या तोंडावर धावलं."

ज्ञानोबाराव कितीतरी वेळ तात्याकडं बघत राहिले. ज्याला काहीच माहीत नाही असा माणूस त्यांना बहुतेक फार दिवसांनी भेटला असावा. मग ते माघारी आले, मांडी घालून बसले आणि बहिणीला म्हणाले, "बस गं. पडल्यावर जाऊ."

सगळे स्पीकरभोवती सरकले. बातम्या सांगणाऱ्यानं घसा साफ केला, आता मुख्य बातमी येणार, आणि स्पीकर 'टुंई' करून बंद पडला. चार्जिंग संपलं होतं. (ते माझं काम होतं.)

अण्णा माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होते, त्या नजरेनं त्यांनी फुकट्या प्रवाशांना भर रानात उतरवलेलं मी लहानपणी पाहिलंय.

"माझ्या मोबाईलवर लावतो," सचिन म्हणाला. "कुठं सापडंल?"

"आणा इकडं," असं म्हणत पल्लवी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. मुलगी बघायला आलेल्या माणसांपैकी एकानंही तिच्याकडं वर मान करून बघितलं नाही! आत्याबाई तर म्हणाल्या, "पोरी, जरा सरक, ऐकू येईना." पल्लवीनं ट्रे खाली ठेवला, सचिनशेजारी बसली आणि दोघं एका मोबाईलवर डोकं घालून शोधायला लागले. बराच वेळ शोधत होते. माझ्या मते जरा जास्तच वेळ.

शेवटी सापडलं. सांगणाऱ्यानं अगदी शांत आवाजात सांगितलं की यंत्र कोसळलं, बरेच तुकडे समुद्रात पडले, काही ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात, आणि कुणालाही इजा झाली नाही.

तात्या हळू आवाजात म्हणाला, "कुणाला बी लागलं न्हाय?"

"न्हाय," अण्णा म्हणाले.

"तिकडं लई मेंढरं असत्यात म्हणं. त्यातलं एखादं?"

"मामा, बातमीत मेंढराचं नाव न्हाय," सचिन म्हणाला, जनावरांच्या डॉक्टरांच्या गंभीर आवाजात.

तात्यानं सुस्कारा सोडला. पुढच्याच क्षणी तो ताडकन उठला. "मंग आमच्या सासऱ्यानं माझा मेंढा कशापायी कापला? म्या रानातून परत आलो तर मेंढा न्हाय! म्हणं, 'सगळेच मरणार व्हते, मेंढा ठिवून काय केलं असतं!' थांब, आत्ता जाऊन इचारतो!"

"तात्या, सासरे वारून किती वर्षं झाली," अण्णा म्हणाले.

"सुटला!" असं म्हणून तात्या खाली बसला.

ज्ञानोबाराव इतके हसले की डोळे पुसायला त्यांनी खांद्यावरचा पंचा ओढला. तो अर्धाच आला. उरलेला अर्धा एक शेळी सावकाश चघळत होती.

पाव्हणे रात्रीचं जेवूनच गेले, पण जाताना हो किंवा नाही काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुनीता दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पल्लवीनं मात्र आजोबांना सांगून टाकलं होतं, "मला पोरगा पसंत आहे."

सांजच्याला ज्ञानोबारावांचा फोन आला. अण्णांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. आधी त्यांनी आज काय लावणार याची चौकशी केली. मग म्हणाले, "अण्णा, पोरगी आमाला सगळ्यांना पसंत हाय. घर बी पसंत हाय. तात्यांना लग्नात पुढच्या खुर्चीवर बसवायचं, एवढी एक अट."

"मंजूर," अण्णा म्हणाले. मग जरा अडखळत त्यांनी विचारलं, "आन् ते पोरीच्या बापाचं काय?"

पलीकडून आधी खाकरल्याचा आवाज आला.

"आता परतेक घरात एखादं असतंयच की," ज्ञानोबाराव म्हणाले. "घेऊ चालवून."