अप्पांच्या चिमटीतला कागद

नातीच्या कंप्युटर कॉलेजचं माहितीपत्रक हातात आलं आणि माझी बोटं आपोआप तो गुळगुळीत कागद चोळू लागली.

अप्पा, माझे वडील, असंच करायचे. हुबळीत आमचं कापडाचं दुकान होतं. खळीच्या त्या वासात बसून ते प्रत्येक माल आधी चिमटीत चोळून बघायचे. ऐंशीच्या दशकात मी कंप्युटर इंजिनिअरिंगचं माहितीपत्रक पुढं ठेवलं, तेही त्यांनी चोळलं.

"कागद भारी हाय. पण एवढी फी भरून नोकरी कुठं? हुबळीत एक तरी कंप्युटर बघितलीस काय?"

"येतील की, अप्पा."

"पुढचं कुणी बघितलंय?"

त्याच महिन्यात त्यांनी माझ्या लग्नाचा शालू चोळला आणि मान डोलावली. लग्नाला फीच्या दुप्पट पैसे गेले. तेव्हा मात्र पुढचं कुणी बघितलंय, असं ते म्हणाले नाहीत.