सुनेची तीन बोटं

नाटे बंदरात दत्ताराम डोर्लेकरांसारखं जाळं कुणी विणत नसे. सत्तरीत हात थरथरू लागले, तेव्हा विणकामही आपल्याबरोबरच जाणार या काळजीने त्यांना घेरलं. शेवटी सून वृषाली शिकायला बसली.

आठवड्याने त्यांनी तिचं जाळं उचललं आणि हसू लागले. "अगं, घरं किती बारीक! मासळीची पिल्लंसुद्धा अडकतील यात."

"बाबा, दोन बोटांच्या मापाचं घर, हे तुम्हीच शिकवलंत."

दत्तारामांनी आपली जाडजूड बोटं तिच्या बोटांशेजारी धरली. "आजवर आमच्या घरात पुरुषांनीच विणलं. बाईच्या बोटांचा विचार कुणी केलाच नाही."

"मग मी तीन धरू?"

तिने तीन बोटांवर नवी ओळ विणली. दत्तारामांनी ती ताणून पाहिली आणि दोऱ्याचं उरलेलं बंडल तिच्यापुढे सरकवलं.