खळग्यातली अकरा झुडपं

उशिरा फुलणाऱ्याला आळशी ठरवायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? थांबा, घाईनं उत्तर देऊ नका. लोर्ना टोमानं हाच प्रश्न रसेल ग्रिंडलला त्याच्याच माळावर, त्याच्याच ट्रकच्या बॉनेटवर मूठ आपटून विचारला होता.

लोर्ना तिथल्या पासामाक्वॉडी या मूळनिवासी जमातीची. वय सदुसष्ट, गुडघे त्याहून म्हातारे. वयाच्या आठव्या वर्षापासून दर ऑगस्टला ती अमेरिकेतल्या मेन राज्याच्या पूर्वेकडच्या माळांवर कमरेत वाकून, दातेरी फणीनं रानटी ब्लूबेऱ्या ओढत आली. शाळा आठवीत सुटली. पण ऑक्टोबरात पानं रंगली की एक झुडूप कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं, हे ती चालत्या ट्रकमधून सांगायची. या माळावर ब्लूबेरीचं झुडूप म्हणजे घोट्याएवढी एक काडी नव्हे. जमिनीखालून पसरत पसरत एकच झुडूप अंगणाएवढी जागा बळकावतं. एक लालभडक, त्याला लागून जांभळट, पलीकडचं पिवळं.

माळाच्या उत्तरेला एक खळगा होता. तिथली अकरा झुडपं सगळा माळ फुलून गेल्यावर, जूनमध्ये फुलायची. तोवर भाड्यानं आणलेल्या मधमाश्यांच्या पेट्या परत गेलेल्या असायच्या. ऑगस्टात तोडणीचं यंत्र फिरायचं तेव्हा तिथली फळं हिरवीच. लोर्नाची आई सप्टेंबरात येऊन ती फळं हिवाळ्यासाठी सुकवायला न्यायची, आणि आईमागं लोर्ना नेत होती.

त्या सप्टेंबरात रसेलनं खळग्याभोवती गुलाबी झेंड्या रोवल्या. औषध मारून ती झुडपं संपवायची आणि नर्सरीतली लवकर फुलणारी रोपं लावायची, असा त्याचा बेत.

"खळगा गार आहे, माती भिकार आहे. म्हणून ती रेंगाळतात," तो म्हणाला.

"मग तुझी ती नवी रोपंही तिथं रेंगाळतीलच की. लावतोस कशाला?"

"लोर्ना, तुझ्याशी बोलायचं म्हणजे वकील लावावा लागेल."

"वकील कशाला, कान लाव. माती नाही, झुडपंच तशी आहेत."

"सिद्ध कर."

"किती वेळ देतोस?"

"पुढच्या तोडणीपर्यंत. दोन वर्षं."

त्यात रसेलचं काही जात नव्हतं. तोडणीनंतर माळ जमिनीलगत छाटला की पहिलं वर्ष झुडपं नुसती वाढतात, फुलं येतात ती दुसऱ्या वर्षी.

छाटणीच्या आधीच लोर्नानं फावडं घेतलं. खळग्यातल्या सहा झुडपांचे मातीसकट तुकडे काढले, सहा वरच्या उतारावरचे काढले. घरामागं एकाच वाफ्यात, एक खळग्यातला, एक उतारावरचा, असे लावले. प्रत्येकाला चिंधी बांधली. भाची कोरीन विद्यापीठाच्या शेतकी केंद्राच्या प्रयोगशाळेत कामाला होती, ती बघायला आली.

"आत्या, आमच्याकडं मोठे मोठे लोक हेच करतात. फक्त चिंध्या नसतात त्यांच्याकडं."

"मग मागून घ्या म्हणावं माझ्याकडनं."

मे उजाडला. विसाव्या दिवशी उतारावरचे तुकडे पांढरे झाले होते, खळग्यातल्यांच्या कळ्या मिटलेल्या. लोर्नानं रसेलला बोलावून आणलं. हाताची घडी घालून ती उभी राहिली.

रसेल वाकला, एक काडी चिमटीत धरली. "ही कळी कधी धरली?"

"गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी."

"कुठं?"

कळी धरली होती खळग्यात. गारठा, माती, सगळं तिच्या अंगी तिथंच लागलेलं असू शकत होतं. जन्म माळावर गेलेल्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं, आणि ते सुचलं कुणाला, तर रसेलला. याचाच राग तिला जास्त आला.

"एक वर्ष गेलं तुझं," रसेल म्हणाला. आवाजात कुचेष्टा नव्हती, तेही तिला झोंबलं.

"एक उरलंय," ती म्हणाली. घरातून कात्री आणली आणि त्याच्यासमोर बाराही तुकडे, फुलांसकट, कळ्यांसकट, मातीलगत कापून टाकले. "आता ज्या कळ्या धरतील त्या माझ्या परसात धरतील. तू तारीख लिहून ठेव."

उन्हाळाभर ती मासळी साफ केलेलं पाणीसुद्धा वाफ्यापासून लांब ओतायची. एकाला जास्त खत गेलं असं कुणी म्हणायला नको. शरदात कळ्या धरल्या. हिवाळ्यात कोरीन कॉफी पीत सांगायची, "पान कळीला निरोप धाडतं, फूल हो म्हणून. तो कधी सुटायचा हे जनुकं ठरवतात. कळी उघडायची कधी, तेही त्यांच्याच हातात. आधी थंडीचे तास मोजायचे, मग उबेचे. कुणाचा आकडा लवकर भरतो, कुणाचा उशिरा."

"हे तुझ्या आजीला ठाऊक होतं."

"आजीला जनुकं ठाऊक होती?"

"आजीला जून ठाऊक होता."

पुढच्या मेमध्ये उतारावरचे तुकडे अठराव्या दिवशी फुलले. खळग्यातले सहाही गप्प. सत्तावीस तारखेच्या पहाटे कडाक्याच्या गारठ्यानं दहिवर गोठलं. सकाळी लोर्ना माळावर गेली तेव्हा रसेल गुडघ्यांवर बसून फुलं उकलत होता. बाहेरून पांढरीशुभ्र, आत काळी पडलेली. माळाच्या चढावर बरंच वाचलं होतं, सखल भागातलं जवळजवळ सगळं गेलं होतं. सगळ्यात गार होता तो खळगा, आणि तिथं कळ्या घट्ट मिटून बसल्या होत्या.

"चल माझ्या परसात," लोर्ना म्हणाली.

त्यानं वाफा पाहिला. मग जूनच्या पाचव्या दिवशी, न बोलावता परत येऊन पाहिला. खळग्यातले सहाही तुकडे फुलले होते.

"ठीक आहे," तो म्हणाला. "जातच तशी आहे. नेमकी त्या खळग्यातच बरी सापडली."

"लवकर फुलणारी तिथल्या गारठ्यात टिकली असती, तर तीही सापडली असती."

रसेल हसला. "एक ठेवतो. सगळ्यात मोठं. तुझ्या आईच्या नावानं."

"आईला मध्ये आणू नकोस. एकट्या झुडपाला स्वतःच्या परागानं धड फळ धरत नाही, हे तुला तुझ्या बापानं शिकवलं नाही? जूनमध्ये त्याला जूनचाच शेजारी लागतो. एक ठेवणार असशील तर एकही ठेवू नको."

"बरं, अकराही राहू देत. पण परागासाठी रानातल्या केसाळ भोपळमाश्या आल्या तर ठीक, नाहीतर पेट्या परत आणणार नाही मी."

"भोपळमाश्यांना मी सांगते."

रसेल ट्रकमधून पक्कड घेऊन खळग्याकडं गेला. दोन वर्षांत झेंड्यांच्या तारा गंजून मातीत बसल्या होत्या. पहिली त्यानं उपटली. बाकीच्या उपटायला त्यानं पक्कड लोर्नाच्या हातात दिली, आणि तिनं ती घेतली.

सप्टेंबरात, यंत्र गोदामात गेल्यावर, दोघं आपापली फणी घेऊन खळग्यात उतरले. कमरेत वाकताना आधी कण्हला तो रसेल.

आता तुमच्याकडं मागणं एकच. तुमच्या परसात, बांधावर, सगळ्यांच्या मागून मोहरणारं एखादं झाड असेल, तर कुऱ्हाड उचलण्याआधी दोन हंगाम त्याच्या पहिल्या फुलाची तारीख लिहून ठेवा. आणि त्याच्यासारखंच उशिराचं दुसरं जवळ असेल, तर कृपा करून तेही राखा.