श्रावणातला चेकअप

हे मी कुणाजवळ बोललेले नाही. बहिणीजवळ नाही, मुलीजवळ तर नाहीच. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून कदाचित जमेल.

लालबागला आमच्या इमारतीत चेकअप म्हटलं की लोक माझ्याकडे येतात. मी लोअर परळच्या एका ऑफिसात आहे. दरवर्षी तिथून माझी आणि मिस्टरांची तपासणी फुकट होते. त्यामुळे मला सगळं पाठ — सकाळची पहिली वेळ घ्या, आदल्या रात्री लवकर जेवा, उठल्यावर चहा नाही, पाणी चालेल. शेजारच्या काकू म्हणतात, नवऱ्याची काळजी घ्यावी तर हिने. मी ते ऐकून घेते.

आमची वेळ ठरलेली असायची, श्रावणाचा शेवटचा आठवडा. का? आम्ही मालवणी माणसं. श्रावणात मासे बंद, दारू बंद, आणि मासे नाहीत म्हणजे भाताचा ढीगही नाही. त्यात मी चहातली साखर काढायचे, भाकऱ्या थापायचे. रिपोर्ट कसा छान यायचा. गणपतीला गावी जाताना दोघंही निर्धास्त. गणपती गेले की ह्यांचे बांगडे, भात आणि शनिवारचा पेग पुन्हा सुरू. ही फसवणूक होती का? तेव्हा मी हुशारी म्हणायचे. बुकिंगच्या मुलीने एकदा विचारलं, तीन महिन्यांची साखर दाखवणारी टेस्ट पण लावू का? मी लगेच नको म्हटलं. त्या टेस्टपुढे श्रावणाचं काही चाललं नसतं.

पण एवढंच असतं तर मी लिहायला बसले नसते.

मिस्टर वरळीच्या एका कुटुंबाची गाडी चालवायचे. त्या वर्षी शिमग्याहून परतल्यावर जेवताना म्हणाले, "रात्री समोरच्या गाडीचे दिवे फार पसरतात गं. पाय पण जड वाटतात. चेकअप आताच करून टाकूया काय?"

मी म्हटलं, "आता कशाला? कालपर्यंत मटण चाललं होतं तुमचं. श्रावणात करू, नेहमीसारखं."

"बघ. तुला त्यातलं जास्त कळतं," म्हणाले, आणि जेवायला लागले.

मला कळलं नव्हतं असं समजू नका. माझ्या सासऱ्यांना साखरेचाच आजार होता. त्यांच्या पायाची जखम मी वर्षानुवर्षं धुतली — एका खोलीत, स्वयंपाकाच्या ओट्याला लागून. दिवे पसरणं, पाय जड होणं, सगळं ओळखीचं होतं. मग भीती वाटली का? लोकांना सांगायचं झालं तर भीतीच म्हणेन. पण नाही — मला पुन्हा कुणाचं आजारपण काढायचं नव्हतं. कंटाळा आला होता त्याचा. रिपोर्ट आला की ते सुरू होणार, आणि मला आणखी एक उन्हाळा मोकळा हवा होता. मे महिन्यात बहिणीकडून आंबे आले. त्यांनी खाल्ले, मीच कापून दिले. आणि ते रात्री गाडी चालवत राहिले, दुसऱ्याची मुलं मागे बसवून.

त्या वर्षी श्रावणही पुरला नाही. रिपोर्ट बघून डॉक्टरांनी लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. पडद्यावर रक्त उतरलं होतं. त्यांनी विचारलं, त्रास कधीपासून? शिमग्यापासून? मग इतके महिने काय करत होतात?

मी तोंड उघडणार होते का? मला अजून ठरवता येत नाही. मिस्टर आधी बोलले.

"माझीच चूक, डॉक्टर. अंगावर काढलं. हिला बोललोच नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून मान हलवली — आता ह्या बाईने तरी काय करायचं, अशी. आणि मीही मान हलवली.

आता त्यांना उजव्या डोळ्याने दिसत नाही. गाडीची नोकरी सुटली. आम्ही दोघं त्या जेवणाबद्दल कधीच बोललो नाही. घरी कुणी आलं की ते तेच सांगतात, हिला वेळेवर बोललो असतो तर हिने तेव्हाच नेलं असतं. मी समोरच बसलेली असते. पाहुणे हळहळून माझ्याकडे बघतात, आणि मी मान हलवते.