लोकसभेच्या गॅलरीतला एक होकार

डिसेंबरचा दुसरा आठवडा, गुरुवार. दिल्लीत सकाळी दहापर्यंत धुकं, नंतर फिकट ऊन, वारा नाही. अंगात स्वतः शिवलेला कोट, आत स्वेटर.

त्या दिवशीच्या पानावर मी एवढंच लिहिलं आणि उरलेलं पान चार दिवस कोरं ठेवलं. बावीस वर्षं रोजनिशी लिहितो आहे, असं कधी घडलं नव्हतं. का घडलं ते सांगतो. पण आधी हातातला कप खाली ठेवा. मागच्या वेळी ऐकताना एकाने माझ्या कापडावर चहा सांडला होता.

उमरखेड तालुक्यातल्या ढाणकीत, बस स्टँडजवळ माझं टेलरिंगचं दुकान आहे. शिक्षण दहावी. भिंतीवर फ्रेम केलेली संविधानाची उद्देशिका, तिच्या शेजारी छोटा टीव्ही. अधिवेशन सुरू झालं की त्या टीव्हीवर संसदेचं चॅनल लागतं आणि अधिवेशन संपेपर्यंत बदलत नाही. कामकाज किती वाजता सुरू झालं, किती वेळा तहकूब झालं, कोणते कागद सभापटलावर ठेवले, सगळं मी वहीत उतरवतो.

लोकांना भांडणं बघायला आवडतात. मला आवडतो तो कंटाळवाणा भाग. एकेक मंत्री उठतो, अमुक अहवालाची प्रत सभापटलावर ठेवतो म्हणतो, खाली बसतो. कोणी टाळी वाजवत नाही. मी टेलर आहे हो. शर्टाची कॉलर सगळे बघतात, आतली शिवण कोण बघतं? पण शर्ट टिकतो तो शिवणीवर.

बायको, सुनंदा, म्हणते, "दुकान हाय का लोकसभा? गिऱ्हाईक ब्लाउज न्यायले येते तं तुम्ही म्हन्ता, थांबा, विधेयक चालू हाय."

आणि आमच्या दुकानात विरोधी पक्षसुद्धा आहे बरं का. समोरच्या गॅरेजचे रशीदभाई. मोटरसायकली दुरुस्त करतात, हात पुसत माझ्याकडे येऊन बसतात. टीव्हीवर पीठासीन अधिकारी म्हणाले, "जो पक्ष में हैं, वे हाँ कहें," की मी मशीन न थांबवता म्हणतो, "हाँ." "जो विरोध में हैं, वे ना कहें," की रशीदभाई म्हणतात, "ना." सरकार कोणाचंही असो, विधेयक कशाचंही असो. नऊ वर्षांत ह्यात बदल नाही.

"काहून बे प्रल्हाद, वाचलं तरी का त्या बिलात काय हाय ते?" ते विचारतात.

"त्याईनं एवढं कापड बेतलं," मी म्हणतो, "आता शिवून टाकू द्या."

एक गोष्ट इथे लक्षात ठेवा, पुढे लागेल. पायाखाली मशीन, समोर गॅरेजमधला हवा भरायचा कॉम्प्रेसर, स्टँडवर एसटीचे हॉर्न. ह्या सगळ्यावरून ऐकू जाईल इतका माझा "हाँ" मोठा असावा लागतो.

आता मूळ कामाकडे येतो. ढाणकीच्या पोस्टातलं आधारचं यंत्र बंद पडलं होतं. रशीदभाईंच्या आईला, म्हणजे अम्मीला, आम्ही सगळेच अम्मी म्हणतो, बोटांचे ठसे नव्याने द्यायचे होते. जन्मभर गोधड्या शिवून त्यांची बोटं गुळगुळीत झालेली. चार वेळा उमरखेडला गेल्या, एसटीत उभ्या राहून. एकदा रांग बंद झाली, एकदा लाईट गेली, दोनदा ठसाच आला नाही. आणि अशा म्हाताऱ्या माणसांची गावात काय कमी आहे?

मी अर्ज लिहिला. साडेतीन पानं, समास सोडून. खासदारसाहेब उमरखेडला आले तेव्हा हातात दिला. त्यांनी तो तिथेच उभ्या उभ्या पूर्ण वाचला, हे मी वहीत लिहून ठेवलं आहे. पुढे त्यांच्या कचेरीतून फोन आला की हा विषय साहेब अधिवेशनात शून्यकाळात मांडणार आहेत.

अम्मीचा विश्वास बसेना. "टीवी का क्या है," त्या म्हणाल्या. "कुछ भी दिखाते. तू खुद जा, प्रल्हाद. अपनी आँख से देख के आ, वो खड़ा होके बोलता के नै. फिर मैं मानूँगी."

अम्मीने मला लहानपणी सुई धरायला शिकवली. मी शब्द दिला. खासदारसाहेबांच्या कचेरीने प्रेक्षक गॅलरीचा पास काढला, चार ते पाच, एका तासाचा. नांदेडहून गाडीत बसलो.

संसद भवनात आत जाताना काय काय काढून घेतात म्हणून सांगू! मोबाईल तर गेलाच. पट्टा तपासला. मग त्या माणसाने माझ्या खिशातून पेन काढलं आणि छोटी वही.

"ये अंदर नहीं जाएगा."

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी पेनाशिवाय कुठे गेलो असेन तर ते देशाच्या संसदेत.

पण गॅलरीत बसलो आणि सगळं विसरलो. टीव्हीवर दिसतं ते काहीच नाही. गालिचा एवढा शांत की माणसं चालतात पण आवाज नाही. मध्ये टेबलाशी बसून कामकाज टिपणारे ते लोक! एक लिहीत असतो, काही मिनिटांनी दुसरा येऊन हळूच शेजारी बसतो, पहिला उठून जातो, आणि मधला एक शब्दही सुटत नाही. मला वाटलं, खाली जाऊन त्यांच्या पाया पडावं. मी एकटा लिहितो तर सुनंदाने हाक मारली तरी दोन वाक्यं सुटतात.

सभागृहात माणसं थोडी होती. एक साधंसं विधेयक चाललं होतं, कुठल्या तरी जुन्या कायद्यातल्या दुरुस्त्यांचं. एक सदस्य एका कलमातल्या मुदतीबद्दल बोलत होते, साठ दिवस नको, नव्वद हवेत. कोणी ऐकत नसेल असं मला वाटलं, पण मंत्र्यांनी उत्तर देताना त्यांचा मुद्दा नाव घेऊन सांगितला. हे उद्याच्या पेपरात येणार नव्हतं. तरी दोघंही किती मन लावून करत होते.

कार्यक्रम मला माहीत होता. दुपारी बाराचा शून्यकाळ अर्धा राहिला होता, तो विधेयकानंतर घेणार. आमच्या साहेबांचं नाव यादीत तिसरं. घड्याळात चार वाजून बावीस मिनिटं. सगळं बसत होतं.

मग चर्चा संपली. पीठासीन अधिकारी म्हणाले, "प्रश्न यह है कि खंड दो से नौ विधेयक का अंग बनें. जो पक्ष में हैं, वे हाँ कहें."

आणि मी म्हणालो, "हाँ."

कसा म्हणालो? मशीन चालू असताना, कॉम्प्रेसर चालू असताना, एसटीचा हॉर्न वाजत असताना म्हणतो तसा.

खाली कोणाला ऐकू गेलं का, देव जाणे. पण गॅलरीतली सगळी डोकी माझ्याकडे वळली. शेजारचे राजस्थानचे गृहस्थ एक खुर्ची सरकून बसले. मी अजून पुरता भानावर नव्हतो. सवयीने समोर बघत थांबलो होतो, रशीदभाईंचा "ना" यायची वाट बघत. तो आला नाही तेव्हा कळलं की आपण कुठे आहोत.

तोवर साध्या कपड्यातला एक माणूस माझ्या खांद्याशी वाकला होता. फार सभ्यपणे म्हणाला, "आइए मेरे साथ."

"अभी नहीं, साहब," मी कुजबुजलो. "हमारे एमपी उठनेवाले हैं."

हे बोलायला नको होतं. त्याने खुणेने आणखी एकाला बोलावलं.

मला एका छोट्या खोलीत नेलं. टेबल, दोन खुर्च्या, फोन. टीव्ही नाही, हे मी सगळ्यात आधी पाहिलं. टेबलामागे एक अधिकारी, केस पांढरे, आवाज मऊ. बाजूला एक महिला शिपाई, कागद घेऊन. मी हात जोडून सगळं खरं सांगायला लागलो. खरं बोलल्यावर माणूस सुटतो असं मला वाटत होतं.

"आपने अंदर नारा लगाया?"

"नारा नहीं साहब, हाँ लगाया. मैं रोज लगाता हूँ."

"रोज?"

"अधिवेशन चालू हो तब. नौ साल से."

महिला शिपाईने लिहिलं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "अकेले?"

"नहीं. दो जन हैं. मैं हाँ बोलता हूँ, दूसरा ना बोलता है."

 अधिकारी पुढे वाकले. "ये ना बोलने वाला इस वक़्त कहाँ है?"

"वो आया नहीं साहब. गाँव से ही करता है."

आता तुम्हीच सांगा, ह्यात काय चुकीचं होतं? शब्दन् शब्द खरा. पण महिला शिपाईने मान वर करून दाराकडे पाहिलं आणि दारातला माणूस आत येऊन उभा राहिला. मी घड्याळाकडे पाहिलं. चार बत्तीस. खाली विधेयक संमत झालं असणार, शून्यकाळ सुरू झाला असणार. अम्मीचा चेहरा डोळ्यासमोर आला आणि मला घाम फुटला. घाम बघून त्यांचा संशय वाढला.

"उसका नंबर?"

रशीदभाईंचा नंबर मला पाठ आहे, कारण तो त्यांच्या गॅरेजच्या पाटीवर वीतभर आकड्यांत रंगवला आहे आणि माझं मशीन त्या पाटीसमोरच आहे. मी सांगितला. अधिकाऱ्यांनी फोन स्पीकरवर ठेवला.

"कोन बोलून राह्यलं?" मागे गलका. मशीन नाही, कॉम्प्रेसर नाही, माणसांचा गलका.

"दिल्ली से, संसद भवन से बोल रहे हैं."

"हौ, अन मी राष्ट्रपती भवनातून," रशीदभाई म्हणाले आणि फोन ठेवला.

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. पुन्हा फोन लावला, ह्या वेळी माझं पूर्ण नाव, गाव, तालुका सांगून. तिकडे गलका थांबला.

"साहब," रशीदभाई एकदम वेगळ्या आवाजात म्हणाले, "प्रल्हाद क्या किया?"

"आप ये बताइए, वो हाँ बोलता है और आप ना बोलते हैं, ये सही है?"

"बिल्कुल सही है."

"किस बात पर?"

"जो बात निकले उसपे. साहब, टेलर है वो. दुकान में टीवी लगाता है. सिलते-सिलते वोट देता है. किसीने तो विरोध करना, इसलिए मैं करता हूँ."

अधिकाऱ्यांच्या ओठांचा कोपरा हलला. महिला शिपाईने लिहिणं थांबवलं.

"और उसने वहाँ पे भी…" रशीदभाई म्हणायला लागले. मग कोणाला तरी ओरडले, "ए, चूप बसा बे! उठले! आपले साहेब उठले!" आणि फोनमध्ये, "साहब, दो मिनट. अम्मी के काम का है. आप भी सुनो."

त्यांनी फोन टीव्हीजवळ धरला असणार. माझ्या दुकानातल्या माझ्या टीव्हीजवळ. सुनंदाने शटर उघडून गावाला बसवलं होतं, हे मला नंतर कळलं.

फोनमधून खासदारसाहेबांचा आवाज आला. ढाणकीचं पोस्ट. बंद यंत्र. म्हाताऱ्या बाया, गुळगुळीत बोटं, उमरखेडची एसटी. माझ्या अर्जातली वाक्यं, काही तर जशीच्या तशी. माझी साडेतीन पानं त्यांनी दोन मिनिटांत बसवली आणि एकही मुद्दा सुटला नाही. असं बेतणं मला अजून जमलेलं नाही.

 अधिकारी फोनकडे बघत होते. महिला शिपाई हळूच म्हणाली, "मेरी नानी का भी यही है, सर."

साहेबांचं बोलणं संपलं. शून्यकाळात मत घेत नाहीत, हे मी दुकानात शंभर वेळा सांगितलेलं आहे. तरी फोनमधून आवाज आला, "हाँ." तो रशीदभाईंचा होता. नऊ वर्षांतला पहिला. मग सगळ्या दुकानाचा, "हाँ."

अधिकाऱ्यांनी फोन ठेवला. माझा पास, पेन आणि वही मागवून घेतली, माझ्यापुढे सरकवली. "गैलरी में आवाज़ नहीं निकालते, मास्टर जी. यहाँ निकाल सकते हैं. बोलिए, आप किस तरफ़ हैं?"

मी तोंड उघडलं. घशातून काहीच येईना. खोकलो, पाणी प्यालो, पुन्हा तोंड उघडलं. शेवटी नुसती मान हलवली, होकाराची.

"लिखो," ते शिपाईला म्हणाले, "माननीय सदस्य अनुपस्थित."

ढाणकीला उतरलो तेव्हा अम्मी दुकानाच्या पायरीवर बसल्या होत्या.

"देखा?" त्यांनी विचारलं. "अपनी आँख से?"

मी सांगितलं, सगळं, क्रमाने. 

"मतलब," त्या म्हणाल्या, "मैंने टीवी पे देखा, और तूने मेरे पास से सुना?"

"हौ, अम्मी."

त्या रात्री कोरं पान पूर्ण केलं. ते असं:

विषय मांडला: चार वाजून एकेचाळीस मिनिटे. वेळ: दोन मिनिटे. पाहिले: नाही. ऐकले: होय, संसद भवनात, ढाणकीहून. हाँ: रशीदभाई व दुकानातील सर्व. ना: कोणी नाही. प्रल्हाद: अनुपस्थित.

आणि मार्चमधलं एक पान: आकाश निरभ्र, ऊन कडक. पोस्टातले यंत्र सुरू झाले. पहिला नंबर अम्मीचा. उजव्या अंगठ्याचा ठसा आला नाही. डाव्याचा आला.