शोषखड्ड्यावरचं सारवण

लग्न होऊन मी भूमहून वाशीकडच्या या खेड्यात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं की आमच्या सासूबाई आणि उताराकडच्या शेजारीणकाकू एकमेकींशी बोलत नाहीत. दोघी एकाच गावच्या लेकी, बरोबरीनं वाढलेल्या. भांडणाचं कारण आमची मोरी. अंघोळीचं, भांड्यांचं पाणी बोळात पडायचं आणि उतारानं थेट काकूंच्या दारात जाऊन साचायचं. तिथं शेवाळ, डास आणि वास. काकू भांडून थकल्या. मामंजी म्हणायचे, पाणी उताराकडंच जाणार. पाणी आपल्या दारातून निघून जात असलं की माणसाला असं शहाणपण सुचतं.

निजामी संपून काही वर्षं झाली होती. नवा ग्रामसेवक सायकलवरून दारोदार शोषखड्डा सांगत फिरायचा. खाली मोठे दगड, त्यावर लहान, वर खडी. तोंडाशी बुडाला भोकं पाडलेलं मडकं, त्यात गवत. गाळ तिथंच अडतो आणि पाणी जमिनीत मुरतं. गावानं त्याची टिंगल केली. सासूबाईंनी मात्र कुणाला न विचारता काकूंच्या दाराला लागून खड्डा खणून घेतला.

बोळ वाळला. एका दुपारी काकू आमच्या ओसरीवर येऊन बसल्या आणि जणू कालच बोलणं झाल्यासारखं म्हणाल्या, "आज भाकरीसंगं कोरड्यास काय केलंस गं?" त्या दिवशी दोघी दिवेलागणीपर्यंत बोलत बसल्या.

दुसऱ्या दिवसापासून काकू आपलं अंगण सारवता सारवता खड्डाही सारवू लागल्या. दारापुढं उघडे दगड ठेवायचे म्हणजे बाईमाणसाची लाजच. रोज शेणाचा हात, वर रांगोळी. सासूबाईंना तो आपला मान वाटायचा आणि मलाही. पाण्याचं काय होईल, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

एक दिवस खड्डा तुंबला. मोरीचं पाणी त्यावरून उलटलं आणि काकूंनी अंगणात वाळत घातलेल्या ज्वारीत शिरलं. काकू तरातरा आल्या. "खड्डा नावाला खणलास. पाणी माझ्याच दारात सोडायचं तुझ्या मनात व्हतं, तेच केलंस," म्हणाल्या आणि परत जाऊन आपलं दार लावून घेतलं. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. एवढी वर्षं वाट पाहून मिळालेली मैत्रीण पुन्हा गेली, हे त्यांना सोसवत नव्हतं.

सकाळी ग्रामसेवकाला बोलावलं. त्यानं खोऱ्यानं वरचा सारवणाचा पोपडा उचलून बाजूला ठेवला. खाली खडीत, दगडांच्या फटींत शेणकाला झिरपून घट्ट बसला होता. पाणी मुरायला जागाच नव्हती.

"हे सारवलं कुणी?" त्यानं विचारलं.

काकू आपल्या उंबऱ्यात उभ्या होत्या. माझ्या जिभेवर नाव आलं होतं. आमच्यावर आळ घेणारीला चार माणसांत कळू दे, असंच मला वाटत होतं. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"म्या," त्या म्हणाल्या.

"आजी, शेणानं खड्डा बुजतो. वर नुसती खडी हवी, इतकं सांगितलं होतं मी."

"चुकलं बाबा."

ग्रामसेवक बोलतच राहिला आणि सासूबाई मान खाली घालून ऐकत राहिल्या. मला त्यांचा राग आला. ज्यानं त्यानं आपलं निस्तरावं.

काकू उंबरा उतरून आल्या. पोपड्यापाशी बसल्या. त्यावर चार बोटांचे सारखे अर्धगोल एकामागून एक उमटलेले होते. त्यावरून हात फिरवत त्या ग्रामसेवकाला म्हणाल्या, "हिला बोलू नगासा. हिच्या हातानं असं सारवण उठतं व्हय? ह्यो हात माझा हाय."

"म्याच सारवलं म्हंते ना," सासूबाई म्हणाल्या.

"गप बस. तुला कवा आलंय सारवाया? माहेरात तुझ्या वाटचं अंगण बी म्याच सारवायची."

सासूबाई तिथंच, सगळ्यांसमोर, पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. काकूंनी पदर खोचला आणि खड्ड्यातला पहिला दगड उचलून धुवायला घेतला.